उसनं दुखणं

कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायांच्या जखमा धुण्याचं काम जो करतो, त्याच्या कानावर एक वाक्य इतक्या वेळा पडतं की पुढेपुढे ते ऐकूही येईनासं होतं. "दुखत तर नाही, मग काय झालं?" बोलणारा तक्रार करत नसतो, उलट आपलीच समजूत घालत असतो. तळव्याला रुपयाएवढी खोल जखम असते, आत सळई घातली तर हाडाला लागते, आणि माणूस त्याच पायाने उतार उतरून एस.टी.ने आलेला असतो. पोलादपूर तालुका आंबेनळी आणि कशेडी या दोन घाटांच्या कुशीत आहे. सावित्रीच्या काठाने सापडेल तेवढी भातखाचरं, बाकी सगळे डोंगरउतार, त्यावर नाचणी आणि वरी. पावसाळ्यात पाय चिखलात आणि उन्हाळ्यात तापलेल्या कातळावर. इथे पाय म्हणजे पोट. लेप्रसी मिशन या ख्रिस्ती संस्थेचं इथलं कुष्ठरोगाचं काम जुनं आहे आणि त्या कामाचा मोठा भाग औषधं देण्याचा नव्हे, पाय राखण्याचा. औषधाने जंतू मरतात. 1982 पासून जगभर वापरात आलेल्या बहुविध औषधोपचाराने तर सहा महिन्यांत किंवा वर्षभरात रोग आटोपतो. पण घोट्यामागची नस एकदा मेली की तळव्याची जाणीव परत येत नाही. रोगी बरा होतो आणि पाय आयुष्यभर बहिरा राहतो.

हा बहिरेपणा काय करतो हे समजायला वैद्यकालाही फार उशीर लागला. जंतू हान्सेनने 1873 मध्येच दाखवला होता, तरी त्यानंतर पाऊणशे वर्षं डॉक्टरसुद्धा मानत होते की या रोगात मांस आपोआप सडतं, बोटं आपोआप झडतात. वेल्लोरला 1946 पासून काम करणाऱ्या पॉल ब्रँड या ख्रिस्ती शल्यविशारदाने ते खोडून काढलं. सडत काहीच नव्हतं, वेदना गेली होती. फोड आलेला सामान्य माणूस नकळत लंगडतो, भार दुसऱ्या कडेवर टाकतो, दगडावर पाय पडला की शरीर आपणहून मागे घेतं. वेदना गेलेला माणूस लंगडतच नाही. त्याच जागेवर हजार वेळा तोच भार पडतो आणि आतलं मांस चिरडून निघतं. रात्रीतून बोटं आखूड का होतात याचा शोध घेतला तेव्हा काही ठिकाणी उंदीर कुरतडत असल्याचं निघालं, म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णांबरोबर मांजर देण्याची पद्धत पडली. ब्रँडने पुढे वेदनेला देणगी म्हटलं. हे म्हणणं पचायला जड आहे आणि त्यावरच्या आक्षेपाकडे मी येणारच आहे. पण आधी या जखमांच्या खोलीतून आत्मत्याग हा शब्द कसा दिसतो ते सांगायला हवं, कारण उपदेशात तो जसा वापरला जातो तसा तो इथे टिकत नाही.

उपदेशात आत्मत्याग म्हणजे बहुधा शरीराशी वैर असतं. उपास, जागरण, आवडीची वस्तू सोडणं, आणि सगळ्यांत वर दुखणं मुकाट सोसणं. स्वतःला नाकारून, वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, या येशूच्या प्रसिद्ध वचनात मराठी पवित्र शास्त्राने 'आत्मत्याग' हाच शब्द वापरला आहे आणि मराठी कानाला त्यात प्राणत्यागाचा वास येतो, तानाजीच्या उमरठ्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांना तर येतोच येतो. मूळ ग्रीक शब्द इतका वीरश्रीचा नाही. त्याचा अर्थ फक्त नाकारणं, ओळख न दाखवणं. पेत्र अंगणातल्या शेकोटीपाशी येशूला तीनदा नाकारतो, तिथे हेच क्रियापद आहे. मराठीत एका ठिकाणी त्याग आणि दुसऱ्या ठिकाणी नाकारणं असे दोन शब्द पडल्यामुळे हा दुवा तुटला. पेत्र जे येशूच्या बाबतीत म्हणाला, 'मी याला ओळखत नाही', ते आपल्या हट्टी मीपणाला म्हणायचं, एवढंच ते वचन मागतं. लूक त्यात आणखी एक शब्द घालतो जो मत्तय आणि मार्क यांच्याकडे नाही: दररोज. वधस्तंभ दररोज उचलायचा. रोज उचलायची गोष्ट हुतात्म्याच्या मरणासारखी असू शकत नाही. ती पाण्याच्या घमेल्यासारखी असणार.

आणि खरोखरच ते घमेलं असतं. बधिर पायाला घाम येत नाही, कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, भेगेतून जखम होते. उपाय इतका साधा की त्याला उपाय म्हणायला जीभ वळत नाही. रोज वीस मिनिटं पाय पाण्यात भिजवायचे, जाड कातडी खरबरीत दगडाने घासायची, ओल्या पायावरच खोबरेल लावायचं, मग तळवा उलटा करून डोळ्यांनी पाहायचा, नाही तर घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगायचा. रोज. दुखत नसताना, काही दिसत नसताना, शेजारी हसत असताना. ज्या पायाची स्वतःला काही खबर नाही त्याची काळजी घेणं याइतकं आपल्या जाणिवेला नाकारणं दुसरं कुठलं? 'मला तर काही वाटत नाही' हे म्हणणारा जो आतला मी आहे, त्यालाच रोज ओळख न दाखवण्याचं हे काम. इथे स्वतःला नाकारलं जातं ते शरीर राखण्यासाठी. उपदेशातल्या आत्मत्यागाच्या हे नेमकं उलट आहे, आणि मला वाटतं वचनाच्या अधिक जवळ आहे. आपल्याला जाणवतं तेवढंच खरं, हा ज्याचा त्याचा हट्ट वचनाला सोडायला लावायचा आहे. जाणवत नाही त्याचीही काळजी करणं, मग तो आपला तळवा असो किंवा मंडळीतला मागच्या बाकावरचा माणूस, हा त्याचा अर्थ.

कठोर प्रेमाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. ज्याला स्वतःचं दुखत नाही त्याच्या वाटचं दुखणं कुणी तरी उसनं घ्यावं लागतं. ड्रेसिंग करणारा, घरोघर फिरणारा कार्यकर्ता, बायको, भाऊ हे सगळे त्या माणसाची हरवलेली वेदना बनतात, आणि वेदनेचा स्वभाव गोड नसतो. ऐन लावणीत प्लॅस्टर घालून सांगायचं की सहा आठवडे या पायावर वजन नको. पट्टी सोडून चिखलात गेलेल्याला पुन्हा आल्यावर चार शब्द सुनवायचे. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात देव लेकरांना लावत असलेल्या शिस्तीचा जो भाग आहे, तो आपल्याकडे नेहमी छडीच्या बाजूने वाचला जातो. तिथला ग्रीक शब्द मुलाला वाढवण्याचा, घडवण्याचा आहे. गंमत अशी की मराठीतही 'शिक्षा' आणि 'शिक्षण' एकाच धातूतून निघाले. आपण पहिल्यातून दुसरं कधी वजा केलं ते आपल्यालाच कळलं नाही. जखमेच्या खोलीत ते दोन्ही पुन्हा एक होतात, कारण इथल्या कडक बोलण्याला शिकवण्यापलीकडे हेतूच उरत नाही. रागावून जखम भरत नाही, भार काढल्याने भरते.

पण उसन्या दुखण्याला मर्यादा असते आणि तीही ब्रँडनेच दाखवून दिली. पुढे अमेरिकेत कारव्हिल इथे काम करताना त्याने आणि सहकाऱ्यांनी बधिर हातापायांसाठी कृत्रिम वेदना तयार करण्याचा खटाटोप केला. हातमोज्यात आणि बुटात भार मोजणारी यंत्रं बसवली, भार वाढला की आवाज होई. लोक आवाजाकडे दुर्लक्ष करत. मग विजेचा झटका बसेल अशी सोय केली, तेव्हा काम करायची वेळ आली की लोक यंत्र बंद करत, काम उरकत आणि पुन्हा चालू करत. प्रयोग सोडून द्यावा लागला. बंद करता येणारी वेदना वेदनाच नव्हे. कठोर प्रेमाच्या नावाने घरात, शाळेत, मंडळीत जे चालतं त्याला हा निष्कर्ष शब्दशः लागू आहे. बाहेरून दिलेला झटका माणूस बंद करतो. रुग्ण यायचा बंद होतो, मुलगा बोलायचा बंद होतो, मंडळीतलं माणूस रविवारी दिसेनासं होतं. म्हणजे कठोरपणा चालतो तो समोरच्याने आपण होऊन चालू ठेवला तरच, आणि तो ते का करील याचं माझ्या मते एकच कारण असू शकतं. या कठोरपणाची झळ सांगणाऱ्यालाही बसते आहे, हे त्याला दिसलेलं असतं.

मार्कच्या पहिल्या अध्यायाच्या शेवटी एक कुष्ठी येशूकडे येतो. (तो आजचाच रोग असेल असं नाही. जुन्या करारातला शब्द कपड्यांवरच्या आणि भिंतींवरच्या डागांनाही वापरला आहे, आणि जुलैत पोलादपूरच्या घराच्या भिंती पाहिल्या की लेवीय पुस्तकातल्या याजकाची कीव येते.) येशू त्याला हात लावतो. हे सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढचं पाठ नसतं. तो त्याला बरा करून सक्त ताकीद देतो आणि लगेच पाठवून देतो. मूळ शब्द चांगलाच कडक आहे, जवळजवळ गुरगुरण्यासारखा. ताकीद अशी की कुणाला सांगू नकोस, स्वतःला याजकाला दाखव, नियमाप्रमाणे अर्पण कर. माणूस ऐकत नाही, गावभर सांगतो. परिणामी येशूलाच उघडपणे गावात शिरता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहिला. प्रसंगाच्या सुरुवातीला गावाबाहेर कुष्ठी होता आणि शेवटी येशू आहे. जागेची अदलाबदल झाली. ताकीद कठोर होती, पण ती मोडल्याचा दंड ताकीद देणाऱ्याने भरला. कठोर प्रेमाची कसोटी म्हणून मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही. कठोरपणाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो ते पाहायचं. तो संपूर्ण ऐकणाऱ्याच्याच खात्यावर पडत असेल, तर त्याला प्रेम म्हणणं ही फक्त अधिकाराला दिलेली रंगसफेदी आहे.

ही कसोटी ख्रिस्ती कामालाच आधी लावली पाहिजे, आणि लावली की बरंच काही नापास होतं. वेलस्ली बेली याने 1874 मध्ये डब्लिनला लेप्रसी मिशनची सुरुवात केली. त्याच्या काळातल्या आश्रमांत बायका आणि पुरुष वेगळे ठेवले जात, नवराबायकोसुद्धा. निरोगी मुलं आईबापांपासून काढून वेगळ्या वसतिगृहात ठेवली जात. हेतू संसर्ग टाळण्याचा होता, वाईट नव्हता. तरी तो आत्मत्याग रोग्याने करायचा होता आणि त्याचा निर्णय दुसऱ्याने घेतला होता. सरकारने 1898 च्या कायद्याने भटक्या, निराधार कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात टाकण्याची सोय केली, तो कायदा 2016 मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं किंवा वेगळं राहण्याचं कारण म्हणून पाच कायद्यांत होतं, त्यांत ख्रिस्ती लोकांना लागू असलेला कायदाही होता. ते 2019 मध्ये निघालं. मुंबईत 1890 मध्ये बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढणारा महापालिका आयुक्त अॅक्वर्थ हाच मराठी पोवाडे जमवून छापणारा अॅक्वर्थ होता. अज्ञानदासाचा अफजलखानाचा पोवाडा आणि तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा त्याच्या आणि शाळिग्रामांच्या संग्रहामुळे छापून आपल्या हाती आले, म्हणजे पोलादपूरच्या डोक्यावरचा प्रतापगड आणि पलीकडचं उमरठ दोन्ही त्या पुस्तकात आहेत. गावोगावची गाणी मायेने जमवणारा माणूस रोग्यांना मात्र वेगळं काढून ठेवण्यापलीकडे जाऊ शकला नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तेव्हा औषधच नव्हतं. पण औषध आल्यावरही भिंती लगेच पडल्या नाहीत, ही गोष्ट औषधाच्या माथी मारता येत नाही.

आत्मत्यागाच्या शिकवणीवरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप बाहेरून आलेला नाही, तो महाडहून, वीसेक किलोमीटरवरून येतो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे हजारो माणसं चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव आधीच केला होता, पण तो कागदावर होता. त्या माणसांना पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनी नाकारलं होतं. त्यांना पुन्हा 'स्वतःला नाकारा' हे सांगणं म्हणजे जखमेवरचं मीठ. त्यांनी त्या दिवशी जे केलं ते आत्मत्यागाच्या उलट होतं, स्वतःला होकार देणं होतं, आणि ते बरोबर होतं. आत्मत्यागाची शिकवण जिथे जिथे नोकरांना, बायकांना, खालच्या मानलेल्यांना वरून सांगितली गेली तिथे तिने मालकांची सोय केली, हे मान्यच केलं पाहिजे. माझं म्हणणं इतकंच की हा आक्षेप वचनाला मोडत नाही, त्याचा क्रम लावून देतो. ज्याच्याजवळ आपलं म्हणावं असं काही नाही त्याला ते सोडायला सांगता येत नाही. मार्कमधला माणूसही आधी स्पर्श मिळवतो, मग ताकीद. पायाचंही तसंच. ज्याला घरात वेगळं ताट आहे, त्याला 'स्वतःच्या पायाची काळजी घे' हे सांगून काही होत नाही, कारण तो पाय राखण्याच्या लायकीचा आहे हेच त्याला कुणी कधी पटू दिलेलं नसतं. आधी पाय हातात घ्यावा लागतो.

दुसरा आक्षेप मराठी ख्रिस्ती घरातच लिहून ठेवला आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, पण हसू आवरल्यावर लक्षात येतं की त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांच्या हातात पैसा टिकत नसे, घरातली वस्तू कुणा गरजवंताच्या घरी जाई, आणि संध्याकाळी चूल पेटवण्याचा प्रश्न लक्ष्मीबाईंचा असे. टिळकांचा आत्मत्याग खरा होता यात शंका नाही. त्याचा काही भाग बायकोच्या नावावर काढलेला होता, यातही नाही. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हाही त्याची किंमत तिने मोजली, वर्षानुवर्षं. लक्ष्मीबाईंनी हे आकसाशिवाय लिहिलं म्हणून ते टोचत नाही एवढंच. आमच्या कामातही हा हिशेब रोज समोर असतो. हातापायांवर पोट असलेल्या माणसाला सहा आठवड्यांची विश्रांती सांगणं सोपं आहे. त्या सहा आठवड्यांत त्याच्या वाटची लावणी त्याची बायको करते. मग विश्रांती सांगणाऱ्याने जेवणखाण, खाट, घरी जाऊन पट्टी बदलणं, शक्य तिथे प्लॅस्टरवर चालता येईल अशी सोय, यांतलं काही तरी पुरवलं पाहिजे. पुरवता येत नसेल तर आवाज खाली आणला पाहिजे. दुसऱ्याला उपदेशलेल्या त्यागाचं बिल स्वतः न पाहणं हा धर्मोपदेशकांचा आणि आरोग्यखात्याचा सारखाच दोष आहे.

वेदनेला देणगी म्हणण्यावरचा आक्षेप मात्र थोडक्यात निकालात निघतो, कारण तो वस्तुस्थितीच्या गैरसमजावर उभा आहे. देणगी आहे ती कळण्याची शक्ती. कळ स्वतः देणगी नाही. या रोगात कधी कधी नस सुजते, कोपराजवळ हात लावू देत नाही इतकी ठणकते. त्या वेळी कुणी शहाणा माणूस सोसायला सांगत नाही, लगेच स्टेरॉइड सुरू करतो, कारण आठवडे दवडले तर नस कायमची जाते. वेदनेचा आदर म्हणजे तिला ताबडतोब उत्तर देणं. आजारी माणसाला 'देवाने तुझी परीक्षा पाहिली' म्हणून घरी पाठवणारी भक्ती ही वेदनेचा अनादर करते. आणि हे सगळं ख्रिस्ती लोकांनाच कळतं असंही कुणी समजू नये. वर्ध्याला मनोहर दिवाण, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धन आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांनी भिकेऐवजी काम देण्याचा जो कठोरपणा केला, तो स्वतः त्याच मातीत राबून केला, म्हणूनच कुणी तो बंद केला नाही. कसोटी तीच, शास्त्र वेगळं.

एम.सी.आर. चपलांचं उदाहरण यावर पुरेसं बोलतं. बारीक छिद्रांच्या मऊ रबराची ही चप्पल भार तळवाभर वाटून घेते, जखम होऊ देत नाही, आणि ती वापरा म्हणून वर्षानुवर्षं लोकांना दटावलं गेलं. लोक ती घेत, कोपऱ्यात ठेवत आणि साध्या चपलेने बाजारात जात. हा हट्टीपणा आहे, अडाणीपणा आहे, असे शेरे मारले गेले. कारण साधं होतं. ती चप्पल दुरून ओळखू येई, आणि ती पायात घालणं म्हणजे रोगाची पाटी गळ्यात घालणं. शरीर राखण्यासाठी माणसाने आपली इज्जत सोडावी, असा तो हिशेब होता, आणि तो घालणाऱ्यांच्या पायात साध्या चपला होत्या. पुढे बाजारातल्यासारख्या दिसणाऱ्या, वेगवेगळ्या रंगांच्या आणि पट्ट्यांच्या चपला त्याच रबरावर करायला सुरुवात झाली तेव्हा त्या पायात दिसू लागल्या. आता नवा जोड देताना एकच गोष्ट बजावून सांगायची असते. पट्टा तुटला तर शिवून किंवा चिकटवून घ्या, खिळा ठोकू देऊ नका, तो आत गेलेला तुम्हाला कळणार नाही. दुरुस्ती करणारा विचारणार की खिळा का नको. त्याला काय सांगायचं, ते ज्याचा पाय त्याने ठरवायचं.